तीन महिन्यांची मुदत आणि वनस्पतीतले औषध

पत्राचा सारांश : पत्रलेखिकेच्या वडिलांचे वय ५८ आहे. जिभेच्या डाव्या कडेवरची जखम दोन महिने भरेना म्हणून बायोप्सी केली, तेव्हा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग, असल्याचे निष्पन्न झाले. गाठ सुमारे अडीच सेंटिमीटरची आहे आणि मानेतल्या ग्रंथी तपासणीत वाढलेल्या दिसत नाहीत. जिभेचा तेवढा भाग व मानेतल्या ग्रंथी काढाव्यात, आणि नंतरचा अहवाल पाहून रेडिएशन व गरज पडल्यास केमोथेरपी द्यावी, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. वडिलांचे सारे आयुष्य शिकवण्यात गेले. ‘बोलणेच गेले तर मग काय उरले’, असे ते एकदाच म्हणाले. काकांनी त्यांना वनस्पतीजन्य घटकांमुळे मुखकर्करोगाच्या पेशी मरतात असे सांगणारे बरेच लेख पाठवले आहेत. कर्क्युमिन, ग्रीन टीचा अर्क आणि अश्वगंधा यांच्या कॅप्सूल घरात येऊन पडल्या आहेत. ‘तीन महिने हे करून बघतो, नाही जमले तर शस्त्रक्रिया आहेच’, असा वडिलांचा आग्रह आहे. पत्रलेखिका विचारतात : हे संशोधन खरे आहे ना? मग बाबांना थांबवणे चूक ठरेल का? आणि निदान दोन्ही उपचार एकत्र का करू नयेत?

उत्तर :

सस्नेह नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणार आहे. परंतु पत्र वाचताना मला असे वाटले की बाबांचा खरा प्रश्न या तिन्हींत नाही. तो त्यांनी एकदाच उच्चारलेल्या त्या अर्ध्या वाक्यात आहे. त्याच्याकडे मी नंतर येतो, कारण मधला गुंता सुटल्याशिवाय त्याविषयी नीट बोलता येणार नाही.

प्रथम काकांच्या बाजूने दोन शब्द. त्यांनी पाठवलेले लेख म्हणजे निव्वळ थापा आहेत असे समजू नका, आणि त्यांच्याशी बोलताना तसे म्हणूही नका. कर्करोगावरची कितीतरी प्रस्थापित औषधे वनस्पतींतूनच आली आहेत. सदाफुलीचे उदाहरण घ्या. १९५० च्या दशकात कॅनडातले संशोधक तिच्या पानांत मधुमेहावर काही गुण आहे का ते पाहत होते. उंदरांच्या साखरेवर विशेष परिणाम दिसला नाही, पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्या चुकलेल्या नेमातून व्हिनब्लास्टिन हाती लागले आणि त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन. १९६३ पासून ते रक्ताच्या कर्करोगावर वापरले जात आहे. पोडोफायलम या वनस्पतीतल्या घटकापासून इटोपोसाइड तयार झाले आणि कॅम्पटोथेका या चिनी झाडातल्या घटकापासून आयरिनोटेकन. या यादीत मला सर्वांत बोलकी वाटते ती यू या सूचिपर्णी वृक्षाची कथा. १९६२ साली अमेरिकेत त्याच्या सालीचा नमुना गोळा झाला. त्यातल्या घटकाची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. तो पेशींच्या विभाजनाला नेमका कुठे अडवतो ते सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ साली दाखवले. पॅक्लिटॅक्सेल या नावाने औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली ती १९९२ साली. नमुना गोळा केल्यापासून मोजली तर तीस वर्षे झाली.

त्याच कुळातले पुढचे औषध डोसेटॅक्सेल. युरोपातल्या यू वृक्षाच्या पानांतून एक मूळ घटक काढतात आणि त्यावर प्रयोगशाळेत पुढची प्रक्रिया करून हे औषध बनवतात. डोके आणि मान या भागातल्या कर्करोगांवर, ज्यांत मुखकर्करोगही येतो, ते २००६ पासून मान्यताप्राप्त आहे. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने त्याला आणखी एक काम दिले. रेडिएशनबरोबर सहसा सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध देतात, पण मूत्रपिंड किंवा श्रवणशक्ती यांच्या अडचणीमुळे काही रुग्णांना ते चालत नाही. अशा रुग्णांना रेडिएशनबरोबर डोसेटॅक्सेल दिले तेव्हा दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ५०.८ टक्के होते, आणि नुसते रेडिएशन घेतलेल्यांत ते ४१.७ टक्के होते.

म्हणजे बाबा ज्या ‘केमो’ला घाबरून वनस्पतीकडे वळू पाहत आहेत, त्या केमोच्या बाटलीत वनस्पती असण्याची शक्यता मुळातच आहे. ‘वनस्पती की रसायन’ हा तुमच्या घरात चाललेला वाद त्यामुळे मला भलत्याच रेषेवर उभा असलेला वाटतो. वनस्पतीतला घटकही रसायनच असतो. फरक असलाच तर तो एवढाच, की एका घटकाची मात्रा, परिणाम आणि दुष्परिणाम माणसांवर मोजून झालेले आहेत आणि दुसऱ्याचे झालेले नाहीत. शिवाय डोसेटॅक्सेल झाडातून आले म्हणून सौम्य झालेले नाही. त्याने केस गळतात, पांढऱ्या पेशी घटतात, बोटांना मुंग्या येतात. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीला तर मुखकर्करोगाइतके विपरीत उदाहरण दुसरे नसेल, कारण या आजाराची दोन प्रमुख कारणे, तंबाखू आणि सुपारी, ही दोन्ही झाडांवरच येतात. सुपारीत तंबाखू मिसळलेली नसली तरी ती माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच दिला आहे.

आता त्या लेखांमधल्या ‘पेशी मरतात’ या शब्दांकडे वळतो. औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात असताना हे काम मी स्वतः केलेले आहे, म्हणून ते प्रत्यक्ष कसे दिसते ते सांगतो. हाताच्या पंजाएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची ताटली असते, तिच्यात शहाण्णव छोटे खळगे असतात. प्रत्येक खळग्यात थोडे गुलाबी पोषकद्रव्य आणि तळाशी चिकटलेल्या काही हजार पेशी. वनस्पतीतला घटक पाण्यात सहसा विरघळत नाही, म्हणून तो एका द्रावकात विरघळवून वाढत्या मात्रेने खळग्यांत सोडायचा आणि ताटली एक-दोन दिवस ऊबदार पेटीत ठेवून द्यायची. मग एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्याचे जांभळे करतात; जिथे जांभळे उमटले नाही तिथे पेशी मेल्या असे धरायचे. त्यातही गंमत अशी की कर्क्युमिन स्वतःच पिवळे असते आणि अशा चाचण्यांच्या मोजमापात ढवळाढवळ करते. एका ओळीतले जांभळे फिके होत गेलेले पाहून मलाही तेव्हा मोठे काही सापडल्यासारखे वाटले होते. आमच्या सरांनी शेजारच्या खळग्यांत नुसता द्रावकच जरा जास्त घालायला सांगितला. तिथल्या पेशीही मेल्या.

या ताटलीत रक्ताभिसरण नसते, यकृत नसते, आतडी नसतात, आणि घटक गाठीपर्यंत पोहोचेल का हा प्रश्नही नसतो, कारण पेशी त्यातच बुडालेल्या असतात. कर्क्युमिनचे बहुतेक प्रयोग सुमारे १० ते ५० मायक्रोमोलर या तीव्रतेचे असतात. याउलट २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना रोज तब्बल ८ ग्रॅम कर्क्युमिन दिले, तरी रक्तातली सरासरी कमाल पातळी १.७७ मायक्रोमोलरच्या पुढे गेली नाही. आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही आणि जे शोषले जाते त्याचे यकृत भराभर रूपांतर करून टाकते. १२० हून अधिक चाचण्या होऊनही या घटकाची वाट का अडली, याचा आढावा काही औषधी रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली घेतला, तेव्हा त्यांनी तो अस्थिर, नको तिथे अभिक्रिया करणारा आणि शरीराला जेमतेम उपलब्ध होणारा असल्याचे स्पष्ट लिहिले.

आणखी एक गोष्ट काकांना नक्की रंजक वाटेल. १९५० च्या दशकापासून तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या गेलेल्या ‘केबी’ नावाच्या पेशी पुढे तपासणीत ‘हेला’ पेशी निघाल्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या. एवढे होऊनही त्यांच्यावरचे निष्कर्ष पुढे कित्येक वर्षे मुखकर्करोगाच्या खात्यावर जमा होत राहिले. तेव्हा ‘मुखकर्करोगाच्या पेशींवर प्रभावी’ असे वाचले की पेशी कोणत्या होत्या, हा प्रश्न खवचटपणाचा नसतो.

माणसांवर काय दिसले, हे यापुढचे. इथे चित्र पूर्ण काळे नाही, आणि म्हणूनच ते बारकाईने पाहावे लागते. बहुतेक चाचण्या प्रत्यक्ष कर्करोगावर झालेल्या नाहीत. त्या ल्युकोप्लेकियावर, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांवर झाल्या आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२३ जणांपैकी काहींना सहा महिने रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. कर्क्युमिन घेतलेल्यांपैकी ६७.५ टक्के लोकांचे चट्टे सुधारले. ऐकायला हे उत्तम वाटते. पण औषध नसलेली कॅप्सूल घेतलेल्यांपैकीही ५५.३ टक्क्यांचे सुधारले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या बदलांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. ग्रीन टीच्या अर्काची २००९ सालची चाचणी जेमतेम चाळीस जणांची होती. अर्क घेतलेल्यांपैकी निम्म्यांचे व्रण सुधारले, मात्र पुढे कर्करोग होण्यात फरक पडला नाही.

मला सर्वांत शिकवून गेलेले उदाहरण सोयाबीनमधल्या एका प्रथिनाचे आहे. २००० साली ते ३२ रुग्णांना दिले तेव्हा सुमारे ३१ टक्क्यांचे चट्टे सुधारले आणि आशा पल्लवित झाल्या. पुढे तेच औषध रीतसर तुलना करून दिले, तेव्हा औषध घेतलेल्यांत सुधारणा २८ टक्के आणि रिकामी गोळी घेतलेल्यांत ३० टक्के निघाली! तोंडातले चट्टे आपोआपही कमी-जास्त होत असतात, आणि चाचणीत आलेला माणूस तोंडाची काळजीही जास्त घेतो. ‘अमक्याने घेतले आणि त्याचा चट्टा गेला’ ही गोष्ट सांगणारा खोटे बोलत नसतो. रिकामी गोळी घेऊन बरे झालेले ते ३० टक्के लोक त्याला भेटलेले नसतात, एवढेच.

तरीही या क्षेत्रात मला खरी आशा दिसते ती इथेच. तोंड हा असा अवयव आहे की औषध रक्तातून फिरवून न आणता थेट जागेवर लावता येते. त्यामुळे चट्ट्यावर चिकटून राहणारे जेल किंवा पट्टी, घटक सूक्ष्म कणांत गुंडाळून पोहोचवणे, असे प्रयत्न चालू आहेत आणि ते चालू राहावेत असे मला मनापासून वाटते. रेडिएशनमुळे तोंड सोलवटते त्यावर कर्क्युमिनच्या गुळण्यांचेही काही छोटे अभ्यास झाले आहेत. पण पृष्ठभागावरच्या चट्ट्यासाठी जे कदाचित उपयोगी ठरेल, ते जिभेच्या स्नायूत शिरलेल्या अडीच सेंटिमीटरच्या गाठीला पुरे पडेल असे मानायला आज काहीही आधार नाही. हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

आता ते तीन महिने. बाबांच्या योजनेतला सर्वांत धोकादायक भाग मला कॅप्सूलपेक्षा ही मुदत वाटते. ‘शस्त्रक्रिया आहेच’ या म्हणण्यात असे गृहीत धरलेले आहे की तीन महिन्यांनंतरची शस्त्रक्रिया आजच्यासारखीच असेल. जिभेचा कर्करोग असा थांबून राहत नाही. त्याचा टप्पा ठरवताना रुंदीइतकीच खोलीही मोजतात. पाच मिलिमीटर आणि दहा मिलिमीटर या तिच्या सीमा आहेत. म्हणजे आगपेटीच्या काडीच्या दोन-तीन जाडींएवढ्या वाढीनेही टप्पा बदलू शकतो. मानेत काही लागत नसले तरी अशा रुग्णांपैकी दर चार-पाच जणांमागे एकाच्या ग्रंथींत आजार सूक्ष्म रूपाने पोहोचलेला असतो, आणि तो तिथे पोहोचला की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या मुखकर्करोगाच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, दुसऱ्या गटाच्या मानेत आजार दिसल्यावर काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के आणि दुसऱ्यातले ६७.५ टक्के लोक हयात होते. ‘दिसल्यावर बघू’ या धोरणाची किंमत, तज्ज्ञांची सतत नजर असतानाही, एवढी होती. शस्त्रक्रिया लांबण्याचे परिणाम अनेक कर्करोगांत एकत्र तपासणारा आढावा २०२० साली आला; त्यानुसार दर चार आठवड्यांच्या विलंबामागे मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. तीन महिन्यांत असे चार आठवडे तीनदा येतात.

आणखी एक अडचण आहे. तीन महिन्यांत ‘जमले की नाही’ हे ठरवणार कोण आणि कशावरून? जखमेभोवतीची सूज उतरली की दुखणे कमी होते, व्रण आक्रसल्यासारखा दिसतो आणि आत खोली वाढत असते. आरशात पाहून हे कळत नाही. मला भीती अशी वाटते की बरे वाटल्याच्या भरवशावर तीन महिन्यांचे पाच होतील. आज जिभेचा जो भाग काढून भागणार आहे तो तेव्हा मोठा झालेला असेल, आणि बोलणे वाचवण्यासाठी मागितलेली मुदत बोलण्याच्याच मुळावर येईल.

‘मग दोन्ही एकत्र का नको’, हा तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत समंजस आहे आणि बहुतेक घरांत तडजोड म्हणून हेच ठरते. त्यामुळे त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो. कॅनडात डोके व मान भागातल्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना रेडिएशनच्या काळात आणि नंतर अ-जीवनसत्त्वाचे वनस्पतीजन्य रूप असलेले बीटा-कॅरोटीन आणि ई-जीवनसत्त्व, किंवा रिकाम्या गोळ्या दिल्या होत्या. दुष्परिणाम कमी व्हावेत आणि नवा कर्करोग टळावा, हा हेतू होता. बीटा-कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढल्याचे अन्य चाचण्यांत दिसल्यामुळे ते मध्येच बंद करावे लागले. ज्यांना पूरक गोळ्या मिळत होत्या त्यांच्यात त्या काळात आजार उलटण्याचे आणि नवा कर्करोग होण्याचे प्रमाण जास्त निघाले; पुढे मृत्यूही अधिक आढळले. रेडिएशन पेशीत ज्या घातक ऑक्सिजन-कणांची फौज उभी करून गाठ मारते, त्याच फौजेला अँटिऑक्सिडंट थोपवतात, मग गाठीचेही रक्षण होते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द दिसला की म्हणूनच सावध व्हावे.

तुमच्या घरातल्या बाटल्यांबद्दलही सांगतो. कर्क्युमिनच्या कॅप्सूलमध्ये शोषण वाढावे म्हणून मिऱ्यातले पायपरिन बहुधा घातलेले असते. पायपरिन हे काम शरीराची औषधे मोडण्याची यंत्रणा मंदावून करते, आणि डोसेटॅक्सेलसारखी औषधे मोडणारी एक प्रमुख यंत्रणाही त्यात येते. त्यामुळे मोजून दिलेल्या केमोची रक्तातली पातळी अनपेक्षितपणे चढण्याचा धोका राहतो. कर्क्युमिन, ग्रीन टीचा तीव्र अर्क आणि अश्वगंधा या तिन्हींमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टीतला मुख्य घटक पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेल्यास यकृताची एन्झाइम वाढू लागतात. हे सर्वांना होत नाही. पण ज्याचे यकृत बिघडले त्याची केमो कमी करावी किंवा पुढे ढकलावी लागते, आणि हातची गरजेची गोष्ट हातात नसलेल्या गोष्टीसाठी जाते. काही वनस्पती-अर्क रक्त गोठण्याची क्रियाही मंदावतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे ते बंद ठेवायला सांगतात. बाबांनी कॅप्सूल सुरू केल्या असतील तर भूलतज्ज्ञांना हे कळणे अगत्याचे आहे. यातले काहीही अन्नातून जाणाऱ्या नेहमीच्या प्रमाणाला लागू नाही. मी फक्त सांद्रित अर्कांबद्दल बोलत आहे.

ओघात एक जुनी गोष्ट आठवली. ब्लडरूट या वनस्पतीतला सँग्विनारिन हा घटक दातांवरचा थर कमी करतो म्हणून तो टूथपेस्ट आणि माउथवॉशमध्ये घातला जात असे. पुढे अशी उत्पादने वापरणाऱ्यांच्या वरच्या हिरडीजवळ पांढरे चट्टे अधिक आढळू लागले आणि तो घटक काढून टाकावा लागला. प्रयोगशाळेत हाच घटक कर्करोगाच्या पेशी मारतो, हे काकांना सांगायला विसरू नका.

आता बाबांचे ते वाक्य. ‘बोलणेच गेले तर मग काय उरले’, असे म्हणणारा माणूस मला तरी विज्ञानाविरुद्ध उभा असलेला वाटत नाही. ज्याचा आवाज हीच ओळख आहे असा तो माणूस आहे, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही म्हणून तो दुसऱ्या दारावर गेला आहे. कॅप्सूल त्याला एकच गोष्ट देतात, जी आतापर्यंतच्या भेटींत बहुधा मिळाली नसावी : आपल्या हातात काहीतरी आहे ही भावना. तेव्हा त्यांना आणखी आकडे ऐकवण्याऐवजी त्यांच्या भीतीला नेमके उत्तर मिळवून द्या. शस्त्रक्रियेपूर्वीच सर्जनना हे विचारा : जिभेचा किती भाग निघेल, टोक राहील का, हाताची किंवा अन्य ठिकाणची त्वचा-ऊती घेऊन ती जागा भरणार का, आणि अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्ण सहा महिन्यांनी कसे बोलतात. जिभेच्या कडेवरची मर्यादित गाठ काढल्यानंतर बरेच जण समजेल असे बोलू शकतात. काही अक्षरे, विशेषतः जीभ टाळूला किंवा दातांना टेकवून उच्चारायची, जड जातात आणि सरावाने सुधारतात. पण हे मी सांगण्यापेक्षा स्पीच थेरपिस्टने सांगायला हवे, आणि तेही शस्त्रक्रियेच्या आधी. ती भेट मागून घ्या. शक्य असेल तर अशी शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलेल्या एखाद्या रुग्णाशी बाबांची भेट घडवून आणता येईल का, तेही विचारा. समोर बसून बोलणारा माणूस जे करू शकतो ते माझ्या या सदराला जमणार नाही.

दुसरे मत घ्यायचे असेल तर अवश्य घ्या, पण ते मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या केंद्रात आणि येत्या आठवड्यात घ्या. त्यासाठी मूळ शस्त्रक्रियेची तारीख सोडू नका. बाबांना वनस्पतीजन्य औषधाच्या चाचणीत भाग घेण्याची इच्छा असेल तर तोही सन्माननीय मार्ग आहे. क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह या खुल्या नोंदवहीत शोधता येते. खरी चाचणी नोंदवलेली असते, तिला नैतिकता समितीची मान्यता असते, लेखी संमती घेतली जाते आणि प्रस्थापित उपचार बाजूला ठेवायला सहसा सांगितले जात नाही. तपासायच्या औषधाचे पैसे कोणी मागू लागला तर तिथून उठावे. आणि बाबा तंबाखू किंवा सुपारी खात असतील, पत्रात तुम्ही तसे लिहिलेले नाही, तर ती आजच सुटणे कोणत्याही अर्कापेक्षा मोलाचे आहे, कारण एका जागी आजार झालेल्या तोंडात दुसऱ्या जागी तो नव्याने होण्याचा धोका राहतो.

तुमच्यासारख्या पेचात असलेल्या अन्य वाचकांना एवढेच सुचवीन की असा लेख हाती आला की त्यात ‘रुग्ण’ हा शब्द कुठे येतो ते शोधावे. पेशी, उंदीर, रेणू, संगणकावरचे प्रारूप यांतच लेख संपत असेल तर तो संशोधकांसाठी लिहिलेला आहे. रुग्ण असतील तर किती होते, त्यांना कर्करोग होता की चट्टे, तुलनेला दुसरा गट होता का आणि मोजले काय, गाठीचा आकार की जगलेली वर्षे, हे पाहावे. इंग्रजी वाचता येत असेल तर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राने ‘अबाउट हर्ब्ज’ नावाचा विनामूल्य संग्रह केला आहे. कोणती वनस्पती कोणत्या औषधाशी भांडते ते तिथे सापडते.

राहिला तुमचा मधला प्रश्न, थांबवणे चूक आहे का. वडील सज्ञान आहेत आणि शेवटचा शब्द त्यांचाच राहील. तुम्ही त्यांना थांबवू शकत नाही, पण त्यांच्याबरोबर जाऊ शकता. पुढच्या भेटीला काकांनाही सोबत न्या, लेख हाताशी ठेवून. घरातल्या सर्व बाटल्या लेबलांसकट एका पिशवीत घाला आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून विचारा, यातले काय आज बंद करायचे आणि काय उपचार संपल्यावर पुन्हा विचारायला आणायचे. अशा पिशवीकडे पाहून नाक मुरडणारे डॉक्टर असतात. तसे भेटले तर न रागावता तोच प्रश्न पुन्हा विचारा. बोलण्याबद्दलचा पहिला प्रश्न मात्र बाबांना स्वतः विचारू द्या. तो त्यांच्या तोंडूनच यायला हवा.